रग्बी लीगच्या मॅचला लोक का येत नाहीत आणि त्यांना परत आणायचं कसं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेस्ट यॉर्कशरमध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. मूळचा मी सांगलीकडचा, कबड्डीच्या मैदानाच्या कडेला बसून मोठा झालेला, त्यामुळे शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा रग्बी लीगच्या मॅचला नेलं तेव्हा पंधराव्या मिनिटाला मी उभा राहून ओरडत होतो. आता लीड्स ऱ्हायनोजचं सीझन तिकीट आहे आणि भेटेल त्याला मी याच विषयावर धरतो. मग इकडची मराठी मंडळी काय, गावाकडची भावंडं काय, तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहितोय.

रग्बी म्हणजे रग्बीच ना? हे "लीग" काय प्रकरण आहे?

दोन वेगळे खेळ आहेत. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पूर्वीपासून खेळतात ते, ऑलिम्पिकमधलं सेव्हन्स, २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला झालेली रग्बी प्रीमियर लीग (नावात लीग असली तरी), हे सगळं रग्बी युनियन. रग्बी लीग त्यातनं फुटून निघाली. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले, मुद्दा एकच होता, खाणीत किंवा गिरणीत काम करणारा माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याची मजुरी बुडायची, आणि खेळ चालवणारे वरच्या वर्गातले लोक ती भरून द्यायला तयार नव्हते. लालबाग-परळच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

खेळ म्हणाल तर एका बाजूला १३ जण, बॉल हातातून मागेच पास करायचा, सहा टॅकलमध्ये पुढे सरकून ट्राय मारायचा, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवायचा, नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा. ट्रायला ४ पॉइंट, त्यानंतरच्या किकला २. पकड बघायला आवडत असेल तर हा खेळ तुमचाच आहे.

तुम्ही नेमकं कुठल्या लीगबद्दल बोलताय?

इंग्लंडची सुपर लीग. १९९६ ला सुरू झाली, तेव्हाच खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात आणला. लीड्स, विगन, सेंट हेलेन्स, वॉरिंग्टन, हलचे दोन क्लब, वेकफील्ड, कॅसलफर्ड, हडर्सफील्ड, ली, असे बहुतेक सगळे एम-६२ हायवेच्या आजूबाजूचे, म्हणजे दोन-अडीच तासांच्या पट्ट्यात जवळपास अख्खी लीग बसते. बाहेरचे म्हणजे फ्रान्समधला पेर्पिन्याँचा कॅटलन्स ड्रॅगन्स, २००६ पासून. २०२६ पासून लीग १२ ऐवजी १४ टीमची झाली, ब्रॅडफर्ड, यॉर्क आणि तुलूज आत आले, सॅल्फर्ड बाहेर गेलं.

पण गर्दी खरंच कमी झालीय का, की म्हातारे लोक उगाच "आमच्या वेळी" करतात?

दोन्ही. जुने आकडे ऐकून डोळे पांढरे होतात हे खरं आहे, १९५४ ला ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर वॉरिंग्टन विरुद्ध हॅलिफॅक्स कप फायनल बरोबरीमुळे पुन्हा खेळवली त्याला अधिकृत आकडा १,०२,५६९, आणि विगनच्या सेंट्रल पार्कवर १९५९ ला सेंट हेलेन्सविरुद्ध ४७,७४७ लोक होते, साधी लीगची मॅच. पण तेव्हा घरी टीव्ही नव्हता, खाणी चालू होत्या, शनिवारी दुपारी दुसरं करायला काही नव्हतं. त्या आकड्यांशी आजची तुलना करून रडण्यात मला अर्थ दिसत नाही.

आजचं चित्र असं आहे की लीड्स आणि विगनला सरासरी १४-१५ हजार लोक येतात, हलला दोन क्लब असूनही दोन्हीकडे गर्दी असते, आणि गेल्या दोन-तीन सीझनमध्ये एकूण आकडा वर सरकलाय. मग रोग कुठे आहे? एक, खालच्या क्लबांत. हडर्सफील्ड, जिथे हा खेळ जन्माला आला, तिथे २४ हजार सीटच्या स्टेडियमात चार-पाच हजार माणसं विखरून बसलेली असतात. दोन, चॅलेंज कपमध्ये, म्हणजे लीगपासून वेगळ्या असलेल्या बाद फेरीच्या स्पर्धेत. आणि तीन, गुरुवारच्या रात्री.

मोठ्या दिवसांना लोक अजून येतात. २०२५ ला ऑस्ट्रेलियाची टीम २००३ नंतर पहिल्यांदा ॲशेस (क्रिकेटची नव्हे, रग्बी लीगमधली) खेळायला आली तेव्हा लंडनच्या वेम्बलीवर साठ हजारांच्या वर लोक होते, आणि सुपर लीगचा विजेता ठरवणाऱ्या ग्रँड फायनलला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड फुटबॉल मैदानावर २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी ६८ हजारांच्या पुढे. लोकांना खेळ आवडेनासा झालाय असं म्हणणाऱ्याने हे आकडे बघावेत. सुटलीय ती सवय, दर पंधरवड्याला उठून मैदानावर जायची.

सवय सुटली म्हणजे काय? जरा नीट सांगा.

शेजारच्या आजोबांचं सांगतो. ते सहा वर्षांचे असल्यापासून हेडिंग्लेला, म्हणजे लीड्सच्या मैदानावर, येतात, वडिलांनी आणलं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. साऊथ स्टँडमध्ये उभं राहायचं, एका ठराविक लोखंडी कठड्याशी, त्यांचा भाऊ त्यांच्या डाव्या हाताला. भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. अजूनही आजोबा त्या कठड्याशी उभे राहिले की डावीकडे एका माणसाची जागा सोडतात, गर्दी असली तरी, आणि मागचे लोक ती भरत नाहीत, सगळ्यांना माहितीये. पण त्या भावाचा मुलगा येत नाही आणि नातू तर कधीच आला नाही. मुलगा शिफ्टमध्ये काम करतो, मॅच कधी गुरुवारी, कधी शुक्रवारी, कधी शनिवारी दुपारी, कधी शनिवारी संध्याकाळी, त्याला महिन्याभराचं काही ठरवताच येत नाही. एक वर्ष त्याने सीझन तिकीट काढलं, पाच मॅच बघितल्या, पुढच्या वर्षी काढलं नाही. भांडून गेला नाही, रागावला नाही, नुसता यायचा थांबला. माणसं अशीच जातात आणि म्हणून क्लबला कळतही नाही.

आपल्याकडे गावच्या जत्रेची तारीख कुणाला विचारावी लागते का? तिथी ठरलेली असते, मुंबईतला चाकरमानी त्या हिशेबाने सहा महिने आधी रजा टाकतो. ती तिथी दरवर्षी हलवली तर तीन-चार वर्षांत जत्रा ओस पडेल. इथे अगदी तसंच झालंय आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे कप.

चॅलेंज कपचं काय झालं?

चॅलेंज कपची फायनल १९२९ पासून वेम्बलीवर व्हायची. उत्तरेकडच्या माणसाची ती वर्षातली एक सहल होती, आपला क्लब फायनलला असो नसो. १९८० ला हलचे दोन्ही क्लब फायनलला आले तेव्हा शहराबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी पाटी लावली होती की शेवटी निघणाऱ्याने दिवे बंद करा. ९५ हजार लोक होते त्या दिवशी. १९८५ च्या विगन-हल फायनलला जवळपास लाखभर.

मग जुनं वेम्बली पाडलं. त्यात कुणाचा दोष नाही, पण फायनल एडिंबरा, ट्विकनम, कार्डिफ अशी भटकत राहिली आणि २००७ ला नव्या वेम्बलीत परतली. त्यातच २००५ ला फायनल मे महिन्यातून ऑगस्टमध्ये नेली, म्हणजे इथल्या शाळांच्या मोठ्या सुट्टीत, लोक स्पेनला गेलेले असतात तेव्हा. २०२२ ला पुन्हा मे, तेही टॉटनमच्या मैदानावर. २०२३ ला परत ऑगस्ट. २०२४ आणि २०२५ ला जून. आता तुम्हीच सांगा, कोण कशी सहल ठरवणार? पूर्वी पब आणि कामगार क्लबमध्ये लोक वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करायचे वेम्बलीच्या बससाठी, ती भिशीच होती एक प्रकारची, ती बंद पडली. आता फायनलला ५८ ते ६५ हजार लोक येतात आणि नव्वद हजारांच्या वेम्बलीत लाल खुर्च्या टीव्हीवर लांबून दिसतात.

याच्या उलट ग्रँड फायनल बघा. १९९८ पासून ओल्ड ट्रॅफर्ड, सीझनच्या शेवटी, कोविडचं २०२० सोडलं तर जागा हलली नाही. तिचं पब्लिक टिकलं. खेळ तोच, क्लब तेच, लोक तेच.

कपच्या आधीच्या राउंडची अवस्था तर वाईट आहे कारण सीझन तिकिटात त्या मॅच बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, वेगळे पैसे काढायला लागतात, मग नेहमीचे लोकही म्हणतात जाऊ दे. मला विचाराल तर घरच्या मैदानावरची कपची पहिली मॅच सीझन तिकिटात फुकट टाकली पाहिजे, उद्यापासून.

गुरुवारच्या मॅचचा एवढा राग का?

कारण गुरुवारी रात्री आठला मॅच ठेवली की मुलं येऊ शकत नाहीत. शुक्रवारी शाळा असते. दहाला मॅच संपते, घरी पोचायला अकरा. आणि पाहुण्या टीमचं पब्लिक तर विसराच, हलच्या माणसाला सेंट हेलेन्सला जायचं म्हणजे शंभरावर मैल, एम-६२ वर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये, अर्धा दिवस रजा टाकून. पाहुण्यांचा स्टँड रिकामा राहिला की अर्धा आवाज तिथेच गेला. या खेळाची मजाच ती आहे की दोन्ही बाजूंचे लोक जवळच्या गावांतले असतात आणि बसेस भरून येतात.

गुरुवार टीव्हीसाठी आहे हे सगळ्यांना माहितीये. टीव्हीचे पैसे लागतात हेही मला मान्य आहे. पण एके काळी स्काय या टीव्ही कंपनीकडून वर्षाला चाळीस मिलियन पौंडांच्या आसपास मिळायचे, ते आता जवळपास निम्म्यावर आलेत. टीव्ही कमी देतोय तर मैदानावर येणाऱ्याला जास्त जपायला पाहिजे, साधा हिशेब आहे.

सगळ्या मॅच टीव्हीवर दिसतात म्हणून लोक घरी बसतात का?

२०२४ पासून प्रत्येक मॅच दिसते, एक तर स्कायवर नाहीतर सुपर लीगच्या स्वतःच्या ॲपवर. मला याची भीती वाटली होती, पण त्याच काळात गर्दी थोडी वाढली, तेव्हा मी माझं मत बदललं. जो सोफ्यावर बसून बघतोय तो निदान खेळाच्या संपर्कात आहे. आणि प्रत्येक मॅचला व्हिडिओ रेफरी आला ही चांगलीच गोष्ट झाली, फक्त निर्णय होईपर्यंत मैदानावर बसलेल्याला काय चाललंय ते सांगा, थंडीत तीन मिनिटं नुसतं मोठ्या स्क्रीनकडे बघत बसायला जीव वैतागतो.

तिकीट महाग आहे का?

फुटबॉलच्या मानाने नाही. मोठ्या माणसाला साधारण २५-३० पौंड, मुलांना बरंच कमी. पण चौघांच्या कुटुंबाचा हिशेब मांडा, तिकिटं, पार्किंग, दोन मीट-पाय (आत मटण भरलेली पेस्ट्री), चिप्स, मुलाला झेंडा, सहज शंभराचा आकडा येतो, आणि ही गावं श्रीमंत नाहीत, खाणी १९८० च्या दशकात बंद झाल्या त्यानंतर कॅसलफर्ड-फेदरस्टनकडे तशी पगाराची कामं परत आलीच नाहीत.

मला पैशापेक्षा कटकट जास्त खटकते. मागच्या वर्षी मी भाच्याला घेऊन एका दुसऱ्या क्लबच्या मैदानावर गेलो, नाव घेत नाही. आधी त्यांच्या साइटवर अकाउंट उघडा, पासवर्ड, मग ईमेलवर कोड, मग तिकिटाच्या वर बुकिंग फी, मग ते फोनमध्ये उतरवा. फाटकावर माझ्या फोनचा कोड वाचेना. तिथला पोरगा बिचारा नवीन होता, त्याने आम्हाला ऑफिसच्या खिडकीकडे पाठवलं, खिडकीवर एकच बाई आणि समोर चाळीस माणसं. आत जाईपर्यंत पहिला ट्राय झाला होता, आम्ही तो भिंतीपलीकडून फक्त ऐकला. भाचा अकरा वर्षांचा, त्याने विचारलं "मामा, काय झालं?" आणि मला सांगता येईना. पहिल्यांदा आलेल्या माणसाशी असं झालं तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल? रोख पैसे घेणारं एक फाटक प्रत्येक मैदानावर उघडं ठेवा, एवढी छोटी गोष्ट आहे.

फुकट तिकिटं वाटली तर?

याचं उत्तर ब्रॅडफर्डकडे आहे, चांगलं पण आणि वाईट पण. १९९६ ला ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचं ब्रॅडफर्ड बुल्स झालं आणि पीटर डीकिन नावाच्या माणसाने मार्केटिंग हातात घेतलं. खेळाडू शाळाशाळांत गेले, मुलांना तिकिटं दिली, मुलांबरोबर आईबाप आले, मैदानावर संगीत, मॅस्कॉट, मॅचच्या आधी दोन तास जत्रा. दोनेक वर्षांत त्यांची गर्दी दुपटीच्या वर गेली. लोक त्याला बुलमेनिया म्हणायचे आणि अजून म्हणतात.

पण पुढे क्लबचा कारभार बिघडला, २०१२ ला आणि २०१४ ला दिवाळखोरीचं प्रकरण झालं आणि २०१७ च्या जानेवारीत ती कंपनीच बंद झाली. नवीन कंपनी काढून, दोन लीग खाली उतरून, २०२६ ला परत सुपर लीगमध्ये आले. तेव्हा मोठी माणसं फुकटात येऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, फुकट गोष्टीची किंमत राहत नाही आणि पैसे देऊन येणारा चिडतो. मुलांचं मात्र वेगळं. शाळेत खेळाडू जाऊन शिकवणार, त्याच वर्गाला त्याच महिन्यात तिकीट, आणि ते तिकीट आईबापांना घेऊनच वापरायचं, हे दरवर्षी केलं तर दहा वर्षांनी स्टँड भरतो. एक वर्ष करून सोडून दिलं तर काही होत नाही.

नवीन स्टेडियम बांधलं की लोक येतात, नाही का?

कुठे आणि केवढं बांधलं यावर आहे. वॉरिंग्टनने २००४ ला जुनं विल्डरस्पूल सोडलं आणि गावाच्या मध्याजवळ, जुन्या ब्रुअरीच्या जागेवर नवीन मैदान बांधलं, चालत जाता येतं, आणि गर्दी वाढली. सेंट हेलेन्स २०१२ ला जुन्या काचेच्या कारखान्याच्या जागेवर गेले, तेही गावाला चिकटून, साधारण १८ हजारांचं, दोन बाजूंना उभं राहायची सोय, उत्तम चाललंय.

त्याच २०१२ ला सॅल्फर्डने गल्लीबोळातलं विलोज सोडलं आणि मोटरवेच्या कडेला बार्टनला गेले. गाडीशिवाय जाणं त्रासाचं, मॅचच्या आधी बसायला पब नाही, मॅचनंतर रेंगाळायला जागा नाही. २०१९ ला टीम ग्रँड फायनलला पोचली तरी मैदान भरलं नाही. तिथल्या लोकांचा क्लबवर जीव नव्हता असं कुणी म्हणू नये, फार जीव होता. पण त्यांच्या रोजच्या वाटेवरनं क्लब उचलून लांब ठेवला.

आणि आकार. दहा हजारांच्या मैदानात आठ हजार माणसं असली की छातीत धडधडतं, तीच आठ हजार पंचवीस हजारांच्या मैदानात बसवा, खेळाडू एकमेकांना हाका मारतात त्या ऐकू येतात. वेकफील्डने हे ओळखलं. बेल व्ह्यूचं जुनं मैदान सोडलं नाही, तिथेच नवीन स्टँड बांधला, २०२३ ला टीम खालच्या लीगमध्ये गेली, २०२४ ला जिंकून परत वर आली आणि लोक पण बरोबर आले.

ली क्लबने बिबट्याचे कपडे घातले म्हणे, त्याने खरंच फरक पडला?

हो, खरंच. २०२३ ला ली सेंच्युरियन्सचं ली लेपर्ड्स झालं, सगळीकडे बिबट्याचे ठिपके, जर्सीवर, टोप्यांवर, आज्यांच्या कोटावर सुद्धा. लोक हसले. त्याच वर्षी त्यांनी चॅलेंज कप जिंकला, हल केआरला (हलच्या दोन क्लबांपैकी एक) १७-१६ ने, जादा वेळेतल्या एका ड्रॉप गोलवर, म्हणजे बॉल टप्पा पाडून मारलेल्या किकवर. गर्दी चांगलीच वाढली. पण कपड्यांनी अर्धंच काम केलं असं मला वाटतं, बाकी अर्धं मालकाने टीमवर पैसे घालून केलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ली छोटं गाव आहे, शेजारी विगनसारखं मोठं नाव, आणि अचानक पोरांना शाळेत घालून मिरवायला काहीतरी स्वतःचं मिळालं.

हल केआर सुद्धा असंच बघण्यासारखं आहे. आपल्या क्रेवन पार्क मैदानाच्या बाहेर त्यांनी खाण्यापिण्याची आणि गाण्यांची जागा केली, लोक मॅचच्या आधी दोन तास येतात. शहराच्या पूर्व भागातला हा क्लब, चाळीस वर्षं मोठी ट्रॉफी नव्हती, २०२५ ला चॅलेंज कप, लीगमधला पहिला नंबर आणि ग्रँड फायनल, तिन्ही जिंकल्या.

ते आयएमजीचे मार्क काय असतात?

२०२२ ला या खेळाने आयएमजी या क्रीडा मार्केटिंग कंपनीशी १२ वर्षांचा करार केला आणि आता क्लबांना २० पैकी गुण मिळतात. प्रेक्षकांशी नातं ५, मैदानावरची कामगिरी ५, पैशाची स्थिती ४.५, स्टेडियम ३, समाज आणि गाव २.५. पंधराच्या वर गेलं की ए ग्रेड. पूर्वीसारखं फक्त शेवटचा आला म्हणून खाली, असं आता नाही. यात चांगलं हे की क्लब आता गर्दी मोजायला आणि वाढवायला लागलेत, स्टँड दुरुस्त करायला लागलेत. वाईट हे की सीझनच्या शेवटी खाली जायची धाकधूक असायची, तिच्यासाठी सुद्धा लोक यायचे, ती गेली. मला ही अदलाबदल अजून पूर्ण पटलेली नाही.

लास वेगास, बार्सिलोना असल्या ठिकाणी मॅच नेऊन काय मिळतं?

एक दिवस मिळतो, चांगला दिवस. २०१९ ला कॅटलन्सने विगनविरुद्धची मॅच बार्सिलोनाच्या कॅम्प नोवर खेळवली, ३१,५५५ लोक आले. २०२५ च्या १ मार्चला विगन आणि वॉरिंग्टन लास वेगासमध्ये खेळले. २००७ पासून मॅजिक वीकेंड असतो, सगळ्या मॅच एकाच मैदानावर, न्यूकॅसलला मी दोनदा गेलोय, सगळ्या क्लबांच्या जर्सी एका रस्त्यावर, अगदी वारीसारखं वाटतं. पण ज्याला वेगासचं तिकीट परवडतं तो आधीच आपला आहे. नवीन माणूस वेगासला सापडणार नाही, तो दोन गल्ल्या सोडून सापडेल.

दोन गल्ल्या सोडून म्हणजे आपल्यासारखे लोक?

हो, आणि याबद्दल मला फार वाटतं. ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, ड्यूसबरी, बॅटली, लीड्स, या सगळ्या ठिकाणी भारत-पाकिस्तानातून आलेली कुटुंबं तीन-तीन पिढ्या राहतात, मैदानापासून दहा मिनिटांवर, आणि स्टँडमध्ये फारच थोडी दिसतात. इकराम बट १९९५ ला इंग्लंडकडून खेळला, लीड्सचाच, इंग्लंडकडून रग्बी खेळणारा पहिला मुस्लिम, आणि पुढे त्याने ब्रिटिश एशियन मुलांसाठी संस्था पण काढली. पण एवढ्या वर्षांत त्याच्यामागे रांग लागायला पाहिजे होती, ती लागली नाही.

काही गोष्टी सोप्या आहेत. खाण्यात मीट-पाय आणि हॉटडॉगच्या पलीकडे काहीतरी ठेवा, एक हलाल, एक शाकाहारी, समोसा तर या गावांत कोपऱ्यावर मिळतो. दारू न पिणाऱ्या कुटुंबांसाठी एक स्टँड ठरवा. आणि मंदिरात, मशिदीत, गुरुद्वारात खेळाडू पाठवा, पोस्टर पाठवून भागत नाही. मी आमच्या ओळखीतल्या सात मराठी कुटुंबांना एका रविवारी दुपारी घेऊन गेलो, त्यातली तीन अजून येतात. त्यांना हेडिंग्ले म्हटलं की क्रिकेटच आठवायचं, १९८६ चा वेंगसरकर, १९९२ ला यॉर्कशरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून आलेला आपला सचिन. त्याच मैदानाच्या पाठीला पाठ लावून रग्बीचं मैदान आहे, मधला स्टँड एकच, एका बाजूला तोंड केलं की क्रिकेट आणि दुसऱ्या बाजूला रग्बी. वर्षानुवर्षं इथे क्रिकेट बघायला येऊनही कुणी त्यांना दुसऱ्या बाजूला या म्हणून बोलावलं नव्हतं.

खेळातच काही बदलायला हवं का?

थोडंसंच. १२ टीम असताना त्याच टीमशी तीन-तीन, चार-चारदा गाठ पडायची, लोक कंटाळले होते. १४ टीममुळे एकदा घरी, एकदा बाहेर आणि मॅजिक वीकेंड, असा २७ मॅचचा साधा सीझन झाला, हे फार बरं झालं. डोक्याला लागणाऱ्या टॅकलवर नियम कडक केले, त्यामुळे सुरुवातीला कार्डं खूप निघाली आणि स्टँडमध्ये आरडाओरडा झाला, पण निवृत्त खेळाडूंच्या मेंदूचे हाल ऐकल्यावर त्याला माझा विरोध नाही.

ऑस्ट्रेलियात तर मैदानं भरतात, त्यांची नक्कल का नाही करत?

सिडनी आणि ब्रिस्बेनमध्ये हा पहिल्या नंबरचा खेळ आहे, इथे फुटबॉलच्या सावलीत आहे, पैशाची तुलनाच नको. एक मात्र घ्यावं. सिडनीच्या ऐंशी हजारांच्या स्टेडियमात पंधरा हजार लोक बसवून त्यांनीही हात पोळून घेतलेत, म्हणून तिथले क्लब अजून ब्रुकवेल आणि लायकार्टसारखी जुनी वस्तीतली मैदानं सोडायला तयार नसतात.

तुमच्या हातात दिलं तर पहिलं काय कराल?

प्रत्येक क्लबला घरच्या मॅचचा एक ठरलेला वार आणि वेळ. हलला शुक्रवार तर शुक्रवार, वेकफील्डला रविवारी तीन तर रविवारी तीन, सीझनमधल्या तीन मॅच टीव्हीला हव्या तेव्हा हलवायची मुभा, त्याहून जास्त नाही. दुसरं, गुरुवार बंद. तिसरं, कपची फायनल मेमधल्या एका ठरलेल्या शनिवारी, वेम्बलीवर, वीस वर्षांसाठी लेखी. चौथं, पाहुण्यांच्या बसचा अर्धा खर्च लीगने द्यायचा. आणि रिकामा स्टँड असेल तर तो बंद करून सगळ्यांना एकत्र, कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला बसवायचं, लोकांना लोक लागतात.

पहिल्यांदा मॅच बघायला यायचं असेल तर कुठली बघू?

गुड फ्रायडेच्या सुमाराची विगन-सेंट हेलेन्स मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण तिकीट लवकर काढा. नाहीतर हेडिंग्लेला या. लीड्स स्टेशनवरून ट्रेनने बर्ली पार्क, तिथून चालत थोडंसंच. उन्हाळा असला तरी जॅकेट आणा, सूर्य गेला की गारठतं. बसायचं तिकीट काढू नका, साऊथ स्टँडचं काढा. आत आलात की कठड्याच्या बाजूने खाली या, एका म्हाताऱ्या माणसाच्या डावीकडे एक जागा मोकळी दिसेल, तिथे उभे राहू नका, त्याच्या उजवीकडे मी असतो.